अमेरिकन सुट्ट्यांची यादी हातात पडलीय, यातल्या खऱ्या सुट्ट्या कुठल्या?

मुलुंडकरीण

लोकहो, प्रश्न बाळबोध आहे, हसायचं असेल तर हसा पण उत्तर द्या. पुढच्या आठवड्यापासून ऐरोलीला एका कंपनीत यूएस प्रोसेसला, म्हणजे अमेरिकन क्लायंटच्या कामाला, जॉइन होतेय, काम मेडिकल बिलिंगचं, शिफ्ट संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. रात्रीच्या जागरणाचं काय ते बघून घेईन, माझा घोळ वेगळाच आहे. एचआरने सुट्ट्यांची यादी पाठवलीय त्यात आपले २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आहेत, गणपतीचा एक दिवस, दिवाळीचा एक दिवस, आणि खाली क्लायंटच्या सहा सुट्ट्या. न्यू इयर, मेमोरियल डे, ४ जुलै, लेबर डे, थँक्सगिव्हिंग आणि ख्रिसमस. आता नेटवर बघितलं तर तिकडे सरकारी सुट्ट्या ११ दाखवतायत. मग बाकीच्या पाच गेल्या कुठे? मधल्या मधे कंपनीने गिळल्या का? जॉइन व्हायच्या आधीच एचआरला हे विचारलं तर ही बया सुट्ट्या मोजायलाच आलीय असं वाटेल म्हणून इथे विचारतेय.

दुसरं म्हणजे या दिवशी तिकडची माणसं करतात तरी काय? आपल्याकडे सण म्हटला की निदान गोडाचं काहीतरी असतं, पाहुणे असतात, तिकडचं मला सिनेमात दिसतं तेवढंच माहीत, म्हणजे टर्की आणि फटाके. क्लायंटच्या लोकांशी रोज कॉल असणार आहेत तर कुठल्या दिवशी हॅपी अमुकतमुक म्हणायचं आणि कुठल्या दिवशी तोंड बंद ठेवायचं हे कुणी सांगितलं तर उपकार होतील.

रातपाळी_भांडुप

कुणी गिळल्या नाहीत गं, निश्चिंत रहा. मी बरीच वर्षं यूएस शिफ्टच करतोय, आधी कॉलिंग आता बॅक ऑफिस, आणि हा प्रश्न प्रत्येक नवीन बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच.

त्या ११ सुट्ट्या आहेत तिकडच्या केंद्र सरकारच्या नोकरांसाठी. खाजगी कंपनीने त्या दिवशी बंद ठेवलंच पाहिजे किंवा पगारी सुट्टी दिलीच पाहिजे असा केंद्राचा कायदाच नाहीये तिकडे. ख्रिसमसलासुद्धा नाही. आपल्या महाराष्ट्रात दुकाने आणि आस्थापनांचा २०१७ चा कायदा आहे त्यात आठ पगारी सुट्ट्या लिहिल्यात, तुझ्या यादीतले ते चार दिवस ठरलेले आणि उरलेले चार मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायचे. तिकडे सगळं कंपनीच्या मर्जीवर. तर बहुतेक खाजगी कंपन्या ज्या देतात त्या नेमक्या तुझ्या यादीतल्या सहा. राहिलेल्या पाच म्हणजे जानेवारीतला मार्टिन ल्यूथर किंग डे, फेब्रुवारीतला वॉशिंग्टनचा वाढदिवस ज्याला सगळे प्रेसिडेंट्स डे म्हणतात, १९ जूनचा जुनटीन्थ, ऑक्टोबरमधला कोलंबस डे आणि ११ नोव्हेंबरचा व्हेटरन्स डे. या पाच दिवशी पोस्ट बंद, फेडरल कोर्टं बंद, बँका बऱ्याचशा बंद कारण त्यांची सेंट्रल बँक बंद असते, पण बाकी कंपन्यांमध्ये कुणाला सुट्टी असते कुणाला नसते. मजा म्हणजे न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोलंबस डे आणि व्हेटरन्स डेला चालू असतो आणि गुड फ्रायडेला बंद, जो त्या अकरात नाहीच आहे. त्यामुळे नेटवरची यादी बघून काहीही प्लॅन करू नकोस, तुझ्या क्लायंटची यादी वेगळी मागून घे. यात लाजण्यासारखं काही नाही, टीएल म्हणजे टीम लीडर स्वतःच देतात.

आता कामाच्या गोष्टी. सुट्टी त्यांच्या तारखेने मोजायची, म्हणजे थँक्सगिव्हिंगचा गुरुवार असला तर तुझं गुरुवार संध्याकाळचं लॉग इन नाही, पण बुधवारी रात्री तू कामावर असतेस आणि गुरुवारी पहाटे घरी येतेस, तर तो गुरुवारचा दिवस झोपेतच जातो, घरच्यांना आधीच सांगून ठेव नाहीतर सकाळी दहाला पाहुणे बोलावतील. तारीख शनिवारी आली तर सरकारी सुट्टी आदल्या शुक्रवारी धरतात आणि रविवारी आली तर सोमवारी. याच वर्षी ४ जुलै शनिवारी आहे, म्हणजे सरकारी ऑफिसं ३ जुलैला बंद, खाजगीवाले मात्र आपापलं ठरवतात, तेव्हा हे आत्ताच लेखी विचारून घे. आणि १ नोव्हेंबरला त्यांची घड्याळं एक तास मागे जातील, तुझी शिफ्ट साडेसात ते साडेचार होईल, तेव्हा गोंधळू नकोस.

लाँग वीकेंडनंतरचा मंगळवार हा महिन्यातला सगळ्यात वाईट दिवस असतो एवढं लक्षात ठेव, तीन दिवसांचं तुंबलेलं सगळं एकदम येतं. त्या दिवशी लीव्ह मागू नकोस, कुणी देणार नाही.

एडिसनचा_दादरकर

भांडुपकरांनी कायद्याचं छान सांगितलंय. मी इकडे न्यू जर्सीत राहतो तर लोक काय करतात ते सांगतो.

एक लक्षात घ्या की इकडे मनापासून घरी जाऊन साजरे होणारे दिवस दोनच, थँक्सगिव्हिंग आणि ख्रिसमस, तिसरा फार तर ४ जुलै. बाकीच्या सगळ्या सोमवारच्या सुट्ट्या म्हणजे गवत कापा, गॅरेज आवरा, मॉलमध्ये सेलला जा. प्रेसिडेंट्स डेला जॉर्ज वॉशिंग्टनची आठवण काढणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, पण त्या दिवशी गाद्या आणि गाड्या स्वस्त मिळतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

थँक्सगिव्हिंग मात्र खरा. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. यात धर्म मध्ये येत नाही, कुठल्याही देवाची पूजा नाही, भेटवस्तू द्यायची भानगड नाही, नुसतं जमायचं आणि जेवायचं, म्हणून ज्यू, मुसलमान, हिंदू, काहीच न मानणारे सगळे करतात, आमच्या गल्लीत गुजराती कुटुंबं उंधियू करून साजरा करतात. आदल्या बुधवारी विमानतळ आणि हायवे यांची अवस्था गणपतीच्या आदल्या रात्री पनवेलला असते तशी, कारण जो तो आईबापाच्या गावी निघालेला. गुरुवारी सकाळी न्यूयॉर्कमध्ये मेसीज या दुकानाची परेड असते, १९२४ पासून चालू आहे, मोठमोठे फुगे घेऊन रस्त्याने जातात आणि सगळा देश ती टीव्हीवर लावून स्वयंपाक करतो. टर्की ओव्हनमध्ये चार चार तास, आत किंवा बाजूला पावाच्या तुकड्यांचं स्टफिंग, क्रॅनबेरीचं आंबटगोड, बटाट्याचा लगदा, रताळ्यावर चक्क मार्शमेलो लावून भाजतात तो एक प्रकार, आणि शेवटी भोपळ्याचा पाय (pie), म्हणजे आत गोड सारण भरून भाजलेला प्रकार. टर्की तशी कोरडीच लागते हो, खरं सांगायचं तर, ग्रेव्ही ओतून ओतून खाली ढकलायची, पण पाय छान असतो. जेवण दुपारी तीन चारला, मग सोफ्यावर पडून फुटबॉल म्हणजे त्यांचं ते हातात चेंडू घेऊन पळायचं, डेट्रॉइटची टीम १९३४ पासून त्या दिवशी खेळते आणि डॅलसची १९६६ पासून, हरोत की जिंकोत बघायचं. शुक्रवारी ब्लॅक फ्रायडे, त्याला सरकारी सुट्टी नाही पण निम्मं जग रजेवर.

तुमच्या क्लायंटकडचं कुणीही त्या आठवड्यात बुधवार दुपारनंतर ईमेलला उत्तर देणार नाही हे गृहीत धरा.

४ जुलैला सकाळी गावाची परेड, त्यात फायर ब्रिगेडचे बंब, शाळेचा बँड, जुने सैनिक, आणि बंबावरून पोरांकडे चॉकलेटं फेकतात. दुपारी मागच्या अंगणात ग्रिल, बर्गर, हॉटडॉग, मक्याची कणसं, कलिंगड. रात्री नगरपालिकेचे फटाके, ते बघायला लोक खुर्च्या आणि चादरी घेऊन मैदानावर जाऊन बसतात. स्वतः फटाके उडवायचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, मॅसॅच्युसेट्समध्ये तर फुलबाजीसुद्धा चालत नाही. यंदा २५० वर्षं होतायत १७७६ ला धरून, त्यामुळे गावोगाव नुसता उत्साह आहे आणि फिलाडेल्फियात तर त्याच दिवशी फुटबॉल वर्ल्डकपची नॉकआउट मॅचपण ठेवलीय, म्हणजे आपल्या फुटबॉलची. तिकडे गाडी घेऊन जायचा विचारही करणार नाही मी.

पार्ल्याचे_काका

उत्तम माहिती. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, सुट्ट्या हा आमचा जिव्हाळ्याचा विषय, म्हणून थोडं लिहितो.

अमेरिकेने एक अत्यंत शहाणपणाचं काम केलंय ते म्हणजे १९६८ चा सोमवारच्या सुट्ट्यांचा कायदा, १९७१ पासून लागू झाला. वॉशिंग्टनचा जन्म २२ फेब्रुवारीचा, तो फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी ढकलला. मेमोरियल डे ३० मे ला असायचा, तो मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी नेला. गंमत बघा, तिसरा सोमवार १५ ते २१ तारखांमध्येच येतो, म्हणजे वॉशिंग्टनच्या वाढदिवसाची सुट्टी त्याच्या खऱ्या वाढदिवशी कधीही येऊ शकत नाही! पण लोकांना हमखास तीन दिवस मिळाले आणि कारखान्यांचा आठवड्याच्या मधे होणारा खोळंबा थांबला. व्हेटरन्स डेही ऑक्टोबरच्या सोमवारी नेला होता, पण पहिलं महायुद्ध थांबलं ती ११ नोव्हेंबर ही तारीख माजी सैनिक सोडायला तयार झाले नाहीत, राज्यांनीही ऐकलं नाही, शेवटी १९७८ पासून तो परत ११ नोव्हेंबरला आणावा लागला.

आपल्याकडे काय? गेल्या वर्षी दसरा आणि गांधी जयंती दोन्ही २ ऑक्टोबरला, एक सुट्टी सरळ पाण्यात. यंदा लक्ष्मीपूजन रविवारी. आपणही निदान सरकारी सुट्ट्या तरी सोमवारी का करू नयेत? शुक्रवारी संध्याकाळी माणूस निर्धास्त अलिबागला जाईल.

कळवा_स्लो

काका रामनवमी सोमवारी ढकलणार का? आणि बाप्पाला सांगणार का की जरा चार दिवस थांब, मंडेला ये?

आणि अलिबागचं म्हणाल तर सगळी मुंबई एकाच शुक्रवारी निघाली तर वडखळलाच तुमचा सोमवार उजाडेल. आहे ते बरंय.

पार्ल्याचे_काका

धार्मिक सणांबद्दल मी बोललोच नाही, नीट वाचा. त्यांनीही ख्रिसमस हलवला नाही, ४ जुलै हलवला नाही. मी जयंत्या वगैरेंबद्दल म्हणतोय.

कळवा_स्लो

कुठल्याही जयंतीची तारीख हलवून दाखवा काका, मग बोलू. १४ एप्रिलला चैत्यभूमीवर येणाऱ्या माणसाला सांगा की यंदा तिसऱ्या सोमवारी ये.

गिरणगावचा

धाग्याचं काश्मीर व्हायच्या आधी लेबर डेबद्दल लिहून घेतो कारण त्यावर कुणी बोललंच नाही, सगळे टर्की खाण्यात गुंग.

आमच्या घरी तीन पिढ्या लालबाग परळच्या गिरणीत गेल्या, १ मे म्हणजे कामगार दिन हे अक्षरओळख व्हायच्या आधी कळलेलं. तर हा १ मे आला कुठून? अमेरिकेतूनच. १ मे १८८६ ला तिथल्या कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी संप केला, शिकागोच्या हेमार्केट चौकात ४ मे ला सभेत बॉम्ब फुटला, पोलीस मेले, कामगार मेले, पुढे कामगार पुढाऱ्यांना फाशी झाली. त्याची आठवण म्हणून १८८९ ला पॅरिसच्या परिषदेत १ मे ठरला आणि तो जगभर गेला, आपल्याकडे तर महाराष्ट्र दिनही त्याच तारखेला आहे. आणि ज्यांच्या भूमीवर हे घडलं ते अमेरिकन काय करतात तर १ मे ला कामावर जातात आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डे करतात. सप्टेंबरचा मोर्चा न्यूयॉर्कच्या कामगारांनीच १८८२ ला सुरू केला होता हे खरं, पण केंद्राने सुट्टी जाहीर केली ती १८९४ च्या जूनमध्ये, शिकागोजवळ पुलमनच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्याचा संप पेटलेला असताना. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंडने इकडे सुट्टीवर सही केली आणि काही दिवसांत तिकडे संपावर सैन्य पाठवलं. मे महिन्याची तारीख नको होती कारण तिला हेमार्केटचा वास होता.

आता त्या दिवशी तिथे काय होतं? दादरकर सांगतीलच, सेल. आणि सेल म्हणजे दुकानातला कामगार कामावर! कामगार दिनाला सुट्टी कुणाला तर ऑफिसवाल्या साहेबाला.

एडिसनचा_दादरकर

खरंय. उन्हाळा संपल्याची खूण म्हणूनच लेबर डे पाळतात, पोहण्याचे तलाव त्या दिवशी बंद होतात, इकडच्या शाळा त्यानंतर सुरू होतात. मेमोरियल डेला उघडायचे आणि लेबर डेला बंद करायचे. युनियनच्या परेड होतात अजून काही शहरांत पण माझ्या ओळखीतलं कुणी जात नाही. ग्रोसरीची दुकानं, पेट्रोलपंप, हॉटेलं सगळं चालू. फक्त थँक्सगिव्हिंगला मोठी दुकानं २०२० पासून बंद ठेवायला लागली, त्याआधी गुरुवारी संध्याकाळीच सेलची दारं उघडायची आणि कामाला असलेल्या पोरांना ताटावरून उठून जावं लागायचं.

मुलुंडकरीण

बापरे काय काय बाहेर येतंय. थँक्यू सगळ्यांना. म्हणजे माझ्या यादीतल्या सहा बरोबर आहेत, एचआरला शिव्या घातल्या त्या मागे घेते.

पण कुणाला काय म्हणायचं ते राहिलंच की. आणि हा जुनटीन्थ काय प्रकार आहे, नावच मी पहिल्यांदा ऐकलं. माझ्या जॉइनिंगनंतर लगेचच येतोय तो, १९ जूनला, शुक्रवार आहे.

ह्यूस्टनहून_ठाण्यात

हे मी सांगते कारण त्याच भागात राहून आलेय.

लिंकनने गुलामगिरी संपल्याचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ पासून लागू केला, पण टेक्सासमध्ये ते ऐकायला कुणी तयार नव्हतं आणि ऐकवायला सैन्यही नव्हतं. सिव्हिल वॉर संपल्यावर जनरल ग्रेंजर गॅल्व्हेस्टन या बंदरात सैन्य घेऊन उतरला आणि १९ जून १८६५ ला त्याने हुकूम काढला की सगळे गुलाम मुक्त आहेत. म्हणजे कागदावर मुक्त झाल्यावर जवळजवळ अडीच वर्षांनी. मधली दोन पिकं मालकांनी फुकटात काढून घेतली. पुढच्या वर्षीपासून तिथले कृष्णवर्णीय लोक हा दिवस साजरा करायला लागले, पण सार्वजनिक जागेत त्यांना जमू द्यायचे नाहीत म्हणून ह्यूस्टनमध्ये १८७२ ला मुक्त झालेल्या लोकांनी पैसे गोळा करून या दिवसासाठी स्वतःची जमीनच विकत घेतली. ते इमॅन्सिपेशन पार्क अजून आहे, मी जूनच्या उकाड्यात तिथे गेलेय, उकाडा अगदी मुंबईच्या मे महिन्याच्या तोडीचा. तिथे बार्बेक्यू, गाणी, आणि खाण्यापिण्यात लाल रंग ठरलेला, लाल सरबत, कलिंगड, लाल केक. टेक्सासने १९८० पासून राज्याची सुट्टी दिली आणि देशाची सुट्टी झाली २०२१ ला, म्हणजे सगळ्यात नवीन हीच. म्हणूनच बऱ्याच कंपन्यांच्या यादीत अजून घातलेली नसते.

आता काय म्हणायचं ते. मेमोरियल डे हा युद्धात मेलेल्या सैनिकांचा दिवस आहे, सिव्हिल वॉरनंतर थडग्यांवर फुलं वाहण्यातून सुरू झालेला. वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टनच्या दफनभूमीत सैनिक प्रत्येक थडग्यापुढे छोटा झेंडा रोवतात, देशभर झेंडे दुपारी बारापर्यंत अर्ध्यावर असतात, तीन वाजता एक मिनिट शांतता पाळायची पद्धत आहे. त्याच दिवशी लोक ग्रिलही पेटवतात आणि गाद्याही विकत घेतात, पण ज्याच्या घरातलं कुणी गेलंय त्याला हॅपी मेमोरियल डे ऐकायला कसं वाटेल याचा विचार कर. क्लायंटला सरळ हॅव अ गुड लाँग वीकेंड म्हणायचं, ते कुठल्याही सोमवारला चालतं. व्हेटरन्स डे जिवंत माजी सैनिकांचा, तिथे समोरचा सैन्यात होता हे माहीत असेल तर थँक यू फॉर युअर सर्व्हिस म्हणतात. थँक्सगिव्हिंगला आणि ४ जुलैला बिनधास्त हॅपी म्हण. डिसेंबरमध्ये समोरच्याचा धर्म माहीत नसेल तर हॅपी हॉलिडेज, कारण ज्यू लोकांचा हनुका त्याच सुमारास असतो. जुनटीन्थला हॅपी जुनटीन्थ म्हणतात, पण समोरच्याने विषय काढला तर म्हण, आपण होऊन गोऱ्या मॅनेजरला पाठवण्यात काही अर्थ नाही.

कोलंबस डेला मात्र काहीही बोलू नकोस, तो वादाचा आहे. तिथे गेलेल्या इटालियन लोकांना तो आपला वाटतो, आणि त्यालाही कारण आहे, १८९१ ला न्यू ऑर्लिन्समध्ये जमावाने ११ इटालियन मारले होते, त्यानंतरच्या वर्षी राष्ट्राध्यक्षाने कोलंबसच्या ४०० वर्षांचा सोहळा जाहीर केला. आणि मूळ रहिवाशांना तो माणूस डोळ्यासमोर नको. बर्कलीने १९९२ पासून त्या जागी मूळ रहिवाशांचा दिवस सुरू केला, आता बऱ्याच राज्यांत तसंच आहे किंवा दोन्ही नावं लावतात. थँक्सगिव्हिंगच्या दिवशीसुद्धा प्लिमथला मूळ रहिवासी १९७० पासून शोकदिन पाळतात, हे परेड दाखवणारे चॅनल दाखवत नाहीत.

आणि मार्टिन ल्यूथर किंगचा दिवस म्हणशील तर तुला गावदेवीला जायला सांगेन. १९५९ ला किंग आणि त्यांची बायको भारतात आले होते तेव्हा मुंबईत मणिभवनमध्ये राहिले होते, गांधीजींच्या खोलीत झोपायला मिळावं असा त्यांनी आग्रह धरला होता. तिकडे जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी लोकांनी सेवेचं काम करावं अशी अपेक्षा असते, शाळा रंगवणं, अन्नाच्या पेट्या भरणं, आमच्या ऑफिसातले थोडेफार जायचे, बाकीचे झोपायचे. पण कॉलवर मणिभवनचं सांग, तिकडच्या लोकांना माहीत नसतं आणि फार आवडतं.

पार्ल्याचे_काका

मणिभवनचं वाचून बरं वाटलं. आमच्या सुनेकडून कळलं की न्यूयॉर्क शहराच्या शाळांना आता दिवाळीची सुट्टी असते. मग यांच्या कंपनीला दिवाळीचे चार दिवस द्यायला काय होतंय?

ह्यूस्टनहून_ठाण्यात

काका ती शाळांपुरती. पेनसिल्व्हेनियानेही २०२४ ला दिवाळीला राज्याची मान्यता दिली पण ऑफिसं चालूच. तिकडे मान्यता मिळणं वेगळं आणि कुलूप लागणं वेगळं.

रातपाळी_भांडुप

दिवाळीवरून आठवलं, मुलुंडकरीण, नोव्हेंबरचं आत्ताच बघून ठेव. यंदा भाऊबीज ११ नोव्हेंबरला बुधवारी आहे, म्हणजे बरोबर व्हेटरन्स डे. नेटवरची ११ ची यादी बघून कुणीतरी टीममध्ये अफवा उठवणार की त्या दिवशी क्लायंट बंद आहे, पण तुझ्या यादीत तो नाही, हॉस्पिटलवाले काम करतात, तेव्हा लॉग इन आहेच. शिफ्ट तेव्हा साडेसातला सुरू होणार, दुपारी ओवाळून कॅबमध्ये बसता येईल, पण भाऊ पुण्याबिण्याला असेल तर आत्ता सप्टेंबरच्या आधी लीव्ह टाक, कारण अर्ध्या फ्लोअरला भाऊ आहेत.

लेबर डे यंदा ७ सप्टेंबरला आणि गणपती पुढच्या सोमवारी १४ ला. गेल्या वर्षी लेबर डे १ सप्टेंबरला आला आणि नेमकं त्याच दिवशी गौरीपूजन, सगळ्या बायका खूष होत्या. यंदा तसा योग नाही.

आणि शेवटचं. ख्रिसमसला क्लायंट बंद असला तरी काही प्रोसेसमध्ये चार पाच जणांना बसवतात, हॉस्पिटलांना सुट्टी नसतेच. आमच्याकडे वसईची आणि उत्तनची ख्रिश्चन पोरं आहेत त्यांना २४ ची रात्र आणि २५ हवीच असते. आम्ही त्यांच्या जागी बसतो, ते गणपतीत दीड दिवस आमच्या जागी बसतात. टीएलला हे रोस्टर लावायच्या आधी, म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सांगायचं असतं, नंतर सांगितलं तर तो ऐकत नाही.

मुलुंडकरीण

माझ्या शेजारच्या खुर्चीवर वसईचं कुणी बसू दे म्हणजे झालं.

नाहीतर मीच जाऊन ओळख काढते. थँक्यू हो सगळ्यांना, क्लायंटची यादी आणि ३ जुलैचं आजच मेल करून विचारते.